हाफ टाइमनंतर दहाच

आमच्या क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते मी शाळेत मराठी शिकवते म्हणून. ज्यांना फुटबॉल येतो त्यांना लिहायचा कंटाळा, आणि जिला लिहिता येतं तिनं जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. क्लबची पोरं घरी आली, चहा प्यायली, पोहे संपवले आणि म्हणाली, "म्याडम, दोन पानं लिहून द्या. मैदान किती जुनं हाय ते साहेबाले पटलं पाह्यजे." पटवायचं कारण एवढंच की खाण मैदानाच्या दिशेनं सरकत होती.

आमची कॉलनी घुग्घुसच्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुळीत. आधी इथली खाण जमिनीखाली होती. माणसं खाली उतरायची, खाली बोगदे होते, आणि वर आमची घरं, शाळा, मैदान सगळं जिथल्या तिथं. आता खाण उघडी आहे. म्हणजे वरची जमीनच काढून टाकायची, तिचा डोंगर बाजूला रचायचा आणि खालचा कोळसा उघड्यावर उचलायचा. पुढचा उघडा खड्डा आमच्या मैदानाच्या जागी होणार होता, आणि त्या मैदानाच्या खाली जुने बोगदे होते. त्या बोगद्यांत माझे वडील होते.

ती दोन पानं मी लिहिली नाहीत. त्या दोन पानांत जे मावलं नसतं ते इथे लिहिते.

क्लब कोणी काढला यावरून अजून भांडणं होतात. मला पटलेली गोष्ट अशी की मूल, सिंदेवाही या गावांकडची धानाची शेती सोडून खाणीत लागलेल्या पोरांना कबड्डीशिवाय काही येत नव्हतं, आणि बंगालकडून बदलून आलेल्या एका साहेबानं त्यांना संध्याकाळी चेंडू लाथाडायला शिकवलं. साहेबाची बदली झाली, चेंडू राहिला. जाताना त्यानं क्लबला जर्सी दिल्या, त्याही पांढऱ्या. कोळशाच्या कॉलनीत पांढरी जर्सी देणाऱ्या माणसाच्या घरी कपडे कोण धूत असेल, हा प्रश्न माझ्या आईनं आयुष्यभर विचारला, कारण आमच्या लायनीत त्या जर्सी तीच धुवायची. नीळ घालून घालून त्या निळसर झाल्या होत्या, पण क्लब स्वतःला पांढरा म्हणवायचा.

जिंकण्याच्या बाबतीत आम्ही बेताचेच. ऊर्जानगरची टीम कंपनीच्या बसमधून यायची, बूट घालून खेळायची आणि चार गोल मारून उजेडात परत जायची. बल्लारपूरवाले त्याहून वरचढ. आमची पोरं हरली की म्हणायची, त्यांच्याकडे बूट आहेत. पुढे बूट आले, तरी हरत राहिलीच.

तरी आमच्या टीमची एक गोष्ट साऱ्या जिल्ह्यात माहीत होती. दुसऱ्या हाफची सुरुवात आम्ही दहा जणांनिशी करायचो. ती पद्धत बाबांची आणि काकांची.

काका म्हणजे बाबांचे मित्र, सख्खे नव्हेत. दोघंही पंप खलाशी. खाणीत पाणी सारखं झिरपत असतं, ते उपसायला खाली अगदी खोलात पंप असतो, आणि पंपाजवळ माणूस. त्या माणसाला एक नियम लागू असतो: दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय त्यानं पंप सोडायचा नाही. बाबा पहिल्या पाळीत, काका दुसऱ्या. आणि दोघंही क्लबचे डाव्या बाजूचे पुढचे खेळाडू, दोघंही चांगले, जागा एक. त्यांनी त्यावर तोड काढली होती. मॅचच्या दिवशी काका पाळीवर उशिरा उतरायचे. पहिला हाफ ते खेळायचे आणि तोवर बाबा खाली पंप सांभाळायचे. हाफ टाइमची शिट्टी झाली की काका सायकल काढायचे, खाणीवर जायचे, खाली उतरायचे, आणि बाबा वर यायचे. त्या दोघांच्या येण्याजाण्यात जो वेळ जाई तेवढा वेळ आमची टीम दहा जणांची. साहेबलोकांना हे कळत होतं, पण त्यांनाही मॅच पाहायची असायची.

बाबा यायचे ते काळेकुट्ट. कोपऱ्यातल्या नळाशी आई जर्सी घेऊन उभी असायची. ते तोंडावर पाणी मारायचे, डोळ्यांभोवती तेवढं स्वच्छ व्हायचं, आणि पांढरी जर्सी अंगात घालून मैदानात पळायचे. लोक म्हणायचे, "खालचा आला." मी कॉलनीच्या भिंतीवर बसून हे पाहायचे. तेव्हा मी पहिलीत होते, आणि सगळ्यांचे बाबा मॅचच्या मधोमध जमिनीतून येतात अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी फायनल होती, बल्लारपूरच्या टीमशी. आम्ही फायनलला पोचलो हेच नवल होतं. अख्खी कॉलनी मैदानावर, कोणी झाडावर, कोणी ट्रकच्या टपावर. पहिल्या हाफला आम्ही एका गोलनं मागे होतो, पण काका असे खेळत होते की बल्लारपूरवाले त्यांच्या मागे तीन-तीन माणसं लावत होते. शिट्टी झाली. काका सायकलीकडे गेले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "भाऊ, पाच मिनिटं थांबा." मग ती सगळी बाजू ओरडायला लागली. पाच मिनिटं थांबा, पाच मिनिटांत काय होते, खालचा कुठी पळून जाते. काकांनी खाणीच्या दिशेनं पाहिलं. मग सायकल परत निंबाला टेकवली.

दुसऱ्या हाफला आम्ही पहिल्यांदाच अकरा होतो. काकांनी बरोबरी केली, मग दुसरा गोलही घातला, आणि लोक मैदानात घुसले. त्यांना खांद्यावर उचललेलं मला आठवतं. तेव्हाच भोंगा वाजला. पाळीचा भोंगा आखूड असतो. हा थांबेना. खाणीच्या कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा त्या लांब भोंग्याचा अर्थ जाणतं. खांद्यावरचे काका खाली आले आणि सगळ्या पांढऱ्या जर्सी खाणीच्या तोंडाकडे पळत सुटल्या.

जवळच्या एका जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यात पाणी साठलेलं होतं. ते फोडून आत आलं. बाकीचे लोक तोंडाच्या बाजूला होते, ते निघाले. बाबांचा पंप सगळ्यात खोल. पुढे कितीतरी दिवस पाणी उपसत राहिले, मग आत विषारी वायू साठला, आणि शेवटी त्या भागाच्या तोंडाशी विटांची भिंत बांधून तो कायमचा बंद केला. घरच्यांनी नदीवर गवताचा पुतळा जाळला. मला त्या पुतळ्याचा राग आला होता, तो बाबांसारखा अजिबात दिसत नव्हता.

एवढा हिशेब कॉलनीतल्या प्रत्येकाला येत होता की काका वेळेवर निघाले असते तर पाणी आलं तेव्हा खाली काका असते आणि बाबा वर मैदानात खेळत असते. हे कोणी कधी बोललं नाही. लोक आमच्याकडे यायचे, भाजी द्यायचे, कप जिंकल्याचा विषय टाळायचे. क्लबच्या इतिहासात तो एकच कप आहे, आणि तो कपाटात मागे तोंड करून ठेवलेला आहे. मी विचारलं, तर क्लबची पोरं म्हणाली, असाच राहतो तो.

आईला खाणीत नोकरी मिळाली, दिव्यांच्या खोलीत. खाली जाणारा प्रत्येक माणूस तिथून टोपीचा दिवा घेतो आणि वर आल्यावर परत करतो. दिवा परत आला नाही म्हणजे माणूस अजून खाली आहे. आईनं निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं, रोज सगळे दिवे परत येईपर्यंत ती जागची हलायची नाही. बाबांच्या दिव्याची जागा भिंतीवर रिकामी होती. नवे साहेब येत, ती जागा दुसऱ्याला द्या म्हणत, आणि आई म्हणे, "तो मानूस अजून वर नाई आला."

आणि मैदान. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात कान लावला की खाली पंप ऐकू येतो, असं पोरं म्हणायची. आम्ही पालथे पडून ऐकायचो. मला ऐकू यायचा, धक धक, धक धक. आता मला कळतं की तो माझ्याच कानातला आवाज असणार, पण हे कळून फारसा उपयोग होत नाही. आईनं मला एकदा तिथून दंडाला धरून उठवलं आणि चांगलंच बदडलं. त्याच आठवड्यात संध्याकाळी मी तिला शोधत मैदानावर गेले, तर कोणी नाही असं पाहून आई स्वतः तिथे आडवी झाली होती, पदर डोक्यावर, कान जमिनीला. मी मागच्या मागे घरी आले. त्या वयात मला पहिल्यांदा भीती वाटली ती भुताची नव्हती, आईची होती.

काका पुन्हा कधी खेळले नाहीत. पण मैदान त्यांनी सोडलं नाही. चुन्याच्या रेघा तेच मारायचे, गवत तेच काढायचे, मागच्या मातीच्या डोंगरावर वाघ दिसला की पोरांना लवकर घरी हाकलायचे तेच. आणि प्रत्येक मॅचला हाफ टाइमची शिट्टी झाली की काका उठायचे आणि खाणीच्या दिशेनं चालू लागायचे. जुनी खाण बंद झाली, तिच्या तोंडाला गेट लागलं, तरी ते गेटपर्यंत जायचे, थोडं उभं राहायचे आणि परत यायचे. ते परत येईस्तोवर आमची टीम दहाच. अकरावा बाहेर उभा. बाहेरगावचे खेळाडू विचारायचे, हे काऊन असं, आणि आमची पोरं सांगायची, आमच्यात तसंच असते. हल्लीच्या पोरांना बाबांबद्दल काही माहीत नव्हतं. ती मुकाट दहा खेळायची आणि त्या वेळात गोल खायची.

तर अशा मैदानावर खाण येणार होती. क्लबनं अर्ज केले, पुढाऱ्यांना भेटले, रस्त्यावर बसले. नवे साहेब सौम्य होते. त्यांनी सभा घेतली आणि सांगितलं की नवं मैदान मिळेल, गवताचं, पण मैदानाच्या कोपऱ्यात बाबांच्या आठवणीचा चबुतरा आहे, घरच्यांची संमती असल्याशिवाय त्याला हात लावणार नाही. पोरांचे चेहरे खुलले. आई नाही म्हणाली की निदान वर्षभर तरी काम अडलं असतं. सगळा हॉल आईकडे पाहायला लागला. काका तर हसले, इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आई उठून उभी राहिली. "खना," ती म्हणाली. "भिंतीपर्यंत खना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आमच्या ओट्यावर. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"वैनी, त्याले तिथीच राहू द्या," ते म्हणाले. "आता काऊन उकरता?"

"मले पाह्यचं हाय भाऊ."

"काय पाह्यचं? हाडं?"

"तो पंपापाशी बसला व्हता का निघाला व्हता, थे पाह्यचं हाय."

काकांनी फुलपात्र खाली ठेवलं. मग ते माझ्याकडे वळून बोलायला लागले, जसा काही प्रश्न मीच विचारला होता. "तुहा बाप लय उतावळा, पोरी. वाट पाहनारा मानूस नव्हता तो. पाच मिनिटं झाली असतीन, दहा झाली असतीन, आन तो निघाला असंल. रस्त्यात गाठलं पान्यानं. मी इतकी वर्सं हेच सांगून राह्यलो स्वतःले." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आन बसला असंल तर? तर मी काय करू वैनी?"

मला त्या माणसाची दया यायला हवी होती. मला संताप आला. आमचा माणूस गेला आणि दयाही यालाच मिळायची, असं वाटलं. मी आत जाऊन उगीच भांडी आपटली.

मैदान गेलं. आधी चबुतरा हलवला, मग निंब पाडला, मग वरची माती. धूळ एवढी की आम्ही जेवताना ताटं झाकून जेवायचो. पोरं नव्या मैदानावर खेळायला लागली, पण काका तिथे गेले नाहीत. खड्ड्याच्या काठाला लोखंडी कठडा लावून माणसांना उभं राहायला जागा केली होती, तिथे ते दिवसभर असायचे. आईही जायची. दोघं कठड्याला धरून उभे, मध्ये दोन हातांचं अंतर. खाली यंत्रं खेळण्याएवढी दिसायची. उतरत उतरत ती जुन्या बोगद्यांपर्यंत पोचली तेव्हा कोळशाच्या भिंतीत काळी चौकोनी भोकं दिसायला लागली. आत लाकडी खांब तसेच उभे होते.

निरोप सकाळी आला. विटांची भिंत काढली होती, पाणी उपसलं होतं. फक्त घरच्यांनाच खाली नेता येईल म्हणाले. आई आणि मी जीपमध्ये बसलो, डोक्यावर टोप्या. काका कठड्याशी राहिले.

खाली काम थांबवलं होतं. साहेबांनी आम्हाला पुढे नेलं आणि स्वतः मागे सरले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पंप होता, गंजून जमिनीला चिकटलेला. पंपामागे, पंप आणि कोळशाची भिंत यांच्या मधल्या सापटीत, बाबा होते. थोडे होते. पट्टा होता आणि दिवा होता. आईनं बोटानं चिखल पुसून दिव्यावरचा आकडा पाहिला आणि मान हलवली. मग ती उठली आणि वर भिंतीकडे पाहायला लागली. खांबाला खिळा होता आणि खिळ्याला बाबांचा जेवणाचा कडीचा डबा टांगलेला होता.

"पाणी काय, कुठलीही वस्तू कुठंही नेतं," साहेब मागून म्हणाले. त्यांना ठाऊक असावं की आम्ही काय शोधत होतो. पण खिळ्याला अडकवलेली कडी पाण्यानं तिथे नेलेली नव्हती. निघालेला माणूस डबा सोडून जात नाही, हे खाणीतल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. बाबा बसले होते. बदली माणूस समोर येऊन उभा राहील याची वाट पाहत होते. आईनं डबा काढला, पदरात गुंडाळला, आणि जीपकडे चालायला लागली.

वर काका कठडा सोडून रस्त्यापर्यंत आले होते. जीप थांबायच्या आधीच त्यांनी दांडी धरली. नजर आईच्या पदरातल्या डब्यावर.

"डबा हातात व्हता," आई म्हणाली. "निघाला व्हता तो, भाऊ. इटांच्या भिंतीजवळ सापडला. बराच आला व्हता."

काका रस्त्यावरच बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडले, ट्रकवाले थांबून पाहत होते. "मले वाटलंच," ते म्हणत होते. "मले वाटलंच व्हतं, वैनी." आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी जीपमध्येच बसून राहिले, दात आवळून.

घरी आल्यावर मात्र मला धीर धरवेना. मी म्हणाले, एवढी वर्षं ज्यासाठी घालवलीस ते पाहिलंस, आणि त्यालाच खोटं सांगितलंस. बाबा त्याचीच वाट बघत होते ना. त्याला हे कळायला नको का? मी बरंच बोलले, आवाज शेजारी गेला असेल. आई डबा मांडीवर घेऊन मोरीच्या उंबऱ्याशी बसली होती. झाकण गच्च बसलेलं होतं आणि ती ते उघडायचा प्रयत्नही करत नव्हती.

"त्याले थांब कोन म्हनलं?" तिनं विचारलं.

"सगळे म्हणाले. मी होते ना भिंतीवर."

"सगळे मंग म्हनले." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "पह्यला आवाज माहा व्हता. मी नळापाशी जर्सी घेऊन उभी व्हती, आन मले वाटलं, तुह्या बापाची टीम एकदा तरी जितली पाह्यजे. थे आयकून बाकीचे वरडले. आता सांग, थे कोनाले सांगू?"

तिनं तो बंद डबा तसाच नळाखाली धरला आणि वरचा चिखल धुवायला घेतला.